उशिरा आलेला विद्यार्थी आणि विद्यार्थी-प्रतिनिधित्व : कोल्हापूरच्या शैक्षणिक परंपरेतील एक प्रश्न

(१)

विद्यार्थी कोणास म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. ज्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर आहे तो विद्यार्थी, एवढ्या उत्तराने नित्याचा व्यवहार भागतो. परंतु याच विद्यार्थ्याने आपल्या सहाध्यायांचा प्रतिनिधी म्हणून निवडणुकीस उभे राहावयाचे ठरविले, की पटावरील नाव एकाएकी अपुरे पडते. त्याचे वय काय, तो पूर्णवेळ शिकतो की नोकरी सांभाळून शिकतो, मागील परीक्षेत त्याला किती गुण मिळाले, अशी चौकशी सुरू होते. म्हणजे शिकण्याचा अधिकार आणि शिकणाऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार हे दोन अधिकार कायद्याने एकरूप मानलेले नाहीत. या दोहोंमधील अंतर कसकसे वाढत गेले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे कोल्हापूरच्या शैक्षणिक इतिहासाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

कोल्हापूरचीच निवड करण्यास कारण आहे. येथील उच्च शिक्षणाचा पाया ज्या समाजात घातला गेला, त्या समाजात वेळेवर शाळेत जाणे व वेळेवर पदवी घेणे हा नियम नव्हता, अपवाद होता. शेतीची कामे, दारिद्र्य, तुरुंगवास, नोकरी, संसार अशा नाना कारणांनी येथील विद्यार्थी उशिरा आला. त्यामुळे वयाने प्रौढ असलेला विद्यार्थी ही या परंपरेला अपरिचित गोष्ट नाही. तो या परंपरेचा एक मूळ पुरुषच होय.

(२)

विद्यार्थी-प्रतिनिधीच्या वयाचा प्रश्न मुळीच नवा नाही. युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांपैकी बोलोन्याचे विद्यापीठ हे विद्यार्थ्यांच्या संघांतून उभे राहिले. अध्यापक कोणी असावा, त्याने किती व्याख्याने द्यावीत, यांसारख्या बाबींवरही तेथे विद्यार्थ्यांचा अंमल चाले, आणि विद्यापीठाचा रेक्टर हा विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांतूनच निवडलेला असे. या पदाच्या उमेदवाराने वयाची चोवीस वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि कायद्याच्या अध्ययनात पाच वर्षे घालविलेली असावीत, अशी तेथील नियमांची अपेक्षा होती. वय हा तेथे दोष नव्हता. ज्याच्या हाती संघाचा पैसा, शिस्त व प्रतिष्ठा सोपवावयाची तो परिपक्व असावा, हा त्यामागील विचार होता.

आपल्याकडील आधुनिक विद्यापीठे या नमुन्यावर निर्माण झाली नाहीत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून. त्याला जोडलेल्या महाविद्यालयांत विद्यार्थी-प्रतिनिधित्वाचे क्षेत्र जिमखाना, वादसभा आणि वार्षिक स्नेहसंमेलन यांपुरते मर्यादित राहिले. विद्यार्थी हा पालकाच्या अधीन असलेला तरुण, आणि प्राचार्य हा त्याचा तात्पुरता पालक, ही कल्पना त्या व्यवस्थेत गृहीत होती. पुढे कायद्यात आलेल्या अनेक अटींचे मूळ या कल्पनेत सापडते.

(३)

कोल्हापूरच्या भूमीत मात्र या कल्पनेला प्रथमपासूनच छेद गेला. राजाराम महाविद्यालयाची सुरुवात १८८० साली झाली. परंतु त्याच्या पायऱ्या चढू शकणारा वर्ग प्रारंभी फार मर्यादित होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांची कोल्हापूरची वाट प्रथमच मोकळी झाली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढे मुस्लिम, लिंगायत, नामदेव शिंपी इत्यादी समाजांची वसतिगृहे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी मालिकाच तयार झाली. १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. हा कायदा अर्थातच मुलांसाठी होता. ज्यांचे बालपण त्यापूर्वीच शाळेबाहेर गेले होते, त्यांना ही सक्ती लागू नव्हती. त्यांना उशिराने, स्वतःच्या हिमतीवर यावे लागले.

जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे या अनुभवालाच संस्थेचे रूप दिले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. तेथे अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागविण्याची 'कमवा व शिका' ही पद्धती उच्च शिक्षणाच्या पातळीवर आली. श्रम हे शिक्षणाच्या आड येणारे विघ्न नसून शिक्षणाचेच अंग आहे, हा सिद्धान्त या योजनेच्या मुळाशी आहे. पुढे शिवाजी विद्यापीठानेही ही योजना आपल्या आवारात स्वीकारली.

दक्षिण महाराष्ट्राबाहेरही असे उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेल्या आश्रमात अक्षरओळखीपासून शिकण्यास आलेल्या कित्येक स्त्रिया वयाने प्रौढ होत्या. स्त्रीशिक्षणाच्या महाराष्ट्रातील इतिहासात विद्यार्थिनी आणि बालिका हे शब्द समानार्थी कधीच नव्हते.

(४)

या परंपरेतील तीन विद्यार्थ्यांची उदाहरणे येथे घेण्यासारखी आहेत. तिघेही सार्वजनिक जीवनात सुपरिचित असल्याने त्यांच्या विद्यार्थिदशेकडे सहसा लक्ष जात नाही.

पहिले उदाहरण यशवंतराव चव्हाण यांचे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि शालेय शिक्षण खंडित झाले. परिणामी मॅट्रिकची परीक्षा १९३४ साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी उत्तीर्ण होऊन ते राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९३८ साली ते पदवीधर झाले तेव्हा पंचविशी गाठलेली होती, आणि कायद्याची पदवी तर त्यांनी १९४१ साली पुण्याहून घेतली. महाविद्यालयात असतानाच, १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत सातारा जिल्ह्यातील आत्माराम पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली व त्यांच्या प्रचारात भाग घेतला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. कोल्हापूर हे संस्थान असल्याने तेथे प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक नव्हती. म्हणजे या विद्यार्थ्याचे शिक्षण एका राज्यव्यवस्थेत आणि त्याचे निवडणुकीचे शिक्षण दुसऱ्या राज्यव्यवस्थेत चालले होते. तुरुंगातून आलेल्या त्या प्रौढ विद्यार्थ्याला जिमखान्याच्या मर्यादेत सामावून घेता येणे शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण गोविंद पानसरे यांचे. १९३३ साली अहमदनगर जिल्ह्यातील कोल्हार येथे जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरास आला. वर्तमानपत्रे विकणे, नगरपालिकेत शिपायाची नोकरी करणे, प्राथमिक शाळेत शिकविणे, अशी कामे करीत त्यांनी पदवीचे व कायद्याचे शिक्षण पुरे केले. १९६४ साली त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. जो दिवसा प्राथमिक शाळेत शिक्षक आहे तोच स्वतःच्या वर्गात विद्यार्थी आहे, ही दुहेरी भूमिका कोल्हापुरात कोणाला विचित्र वाटली नाही.

तिसरे उदाहरण एन. डी. पाटील यांचे. १९२९ साली जन्मलेले पाटील अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात अध्यापक व 'कमवा व शिका' वसतिगृहाचे रेक्टर झाले, १९६० साली विधान परिषदेवर गेले, आणि कायद्याची पदवी त्यांनी १९६२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मिळविली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पहिल्या अधिसभेचे ते सदस्य होते. कायदे करणाऱ्या सभागृहात बसणारा गृहस्थ त्याच काळात कायद्याच्या परीक्षेस विद्यार्थी म्हणून बसतो, या घटनेत तत्कालीन समाजाने काही विसंगती पाहिली नाही.

तिन्ही उदाहरणांत उशीर व्यक्तीच्या आळसाने झालेला नाही. एकास तो तुरुंगाने, दुसऱ्यास दारिद्र्याने आणि तिसऱ्यास सार्वजनिक कार्याने झाला. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

(५)

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरू. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते आणि उद्घाटनानंतर अवघ्या काही दिवसांत ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ लाभले, ते अशाच एका विद्यार्थ्याच्या कारकीर्दीत.

विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांतच, १९६४ ते १९६६ या काळात, डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे काम चालले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता, आणि शाळेबाहेर राहिलेल्यांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी होता. आयोगाच्या अहवालात या चिंतनाची खूण दिसते. उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय १९८६ पर्यंत सायंकालीन महाविद्यालये व पत्रद्वारा शिक्षण यांच्याद्वारे व्हावी, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे.

त्याच अहवालात विद्यार्थी-संघांविषयीही शिफारशी आहेत. प्रत्येक विद्यार्थी आपोआप संघाचा सभासद मानला जावा, पदाधिकाऱ्यांची निवड निरनिराळ्या विद्यार्थी-मंडळांमार्फत अप्रत्यक्ष पद्धतीने व्हावी, आणि एकाच वर्गात दोन किंवा अधिक वर्षे काढणारास पदासाठी अपात्र ठरवावे, असे आयोगाने सुचविले. या दोन शिफारशी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पुढील इतिहासाचे बीज दिसू लागते. एका बाजूने नोकरी करून शिकणाऱ्यास विद्यापीठाचे दार उघडावयाचे. दुसऱ्या बाजूने, पदासाठी विद्यापीठात मुक्काम ठोकून बसणाऱ्यास आवर घालावयाचा. दोन्ही हेतू योग्यच होते. तथापि उशिरा येणारा आणि रेंगाळणारा हे दोन भिन्न विद्यार्थी आहेत, हे सूत्र पुढील नियमकर्त्यांनी हातातून निसटू दिले.

(६)

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन निवडणुका पुढील काळात उत्तरोत्तर चुरशीच्या झाल्या. पक्षांचा शिरकाव, पैशाचा वापर आणि मारामाऱ्या यांच्या तक्रारी वाढल्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वातावरणात एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला व लोकमत हादरले. त्याची परिणती अशी, की १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुली निवडणूक बाजूस ठेवून गुणवत्तेचे तत्त्व आणले. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत सर्वाधिक गुण मिळविणारा पूर्णवेळ विद्यार्थी परिषदेवर घ्यावयाचा, आणि अशा सभासदांनी आपल्यातून सचिव निवडावयाचा, अशी ही योजना होती.

या योजनेत शांतता लाभली हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रतिनिधित्व म्हणजे पारितोषिक नव्हे. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गाची गाऱ्हाणी मांडू इच्छितोच असे नाही, आणि जो ती मांडू शकतो तो पहिला येतोच असेही नाही. दिवसभर काम करून शिकणाऱ्यास तर गुणांच्या शर्यतीत पहिला क्रमांक दुर्मीळच. म्हणजे मताच्या जागी गुणपत्रिका आली आणि प्रौढ विद्यार्थ्याचा मार्ग पहिल्या पायरीवरच अडला.

दरम्यान अखिल भारतीय पातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल २००६ साली सादर झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. विद्यार्थ्यांच्या निवडणुका व्हाव्यात, नामनिर्देशनाची पद्धत ही फक्त तात्पुरती तडजोड असावी, ही समितीची भूमिका होती. उमेदवारासाठी तिने घातलेल्या अटी पुढे सर्वत्र प्रमाण मानल्या गेल्या. पदवी अभ्यासक्रमासाठी वय १७ ते २२, पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी २४ ते २५ ही कमाल मर्यादा, संशोधक विद्यार्थ्यासाठी २८. उपस्थिती किमान ७५ टक्के. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. पदाधिकारी होण्यासाठी उमेदवारीची एकच संधी, आणि कार्यकारिणीच्या सभासदत्वासाठी दोन.

बोलोन्याच्या नियमाशी या अटींची तुलना केली असता एक विलक्षण उलथापालथ दिसते. तेथे चोविसाव्या वर्षापूर्वी उमेदवारी करता येत नसे. येथे पदव्युत्तर विद्यार्थ्याची उमेदवारी त्याच वयाच्या आसपास संपते. राजाराम महाविद्यालयातील १९३८ चा पंचविशीचा पदवी-विद्यार्थी असो, तिशीतील शिक्षक-विद्यार्थी असो, की तेहतिसाव्या वर्षी कायद्याची परीक्षा देणारा आमदार असो, या कसोटीवर तिघेही अपात्र ठरले असते.

(७)

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने मतदानाची पद्धत पुन्हा आणली. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला-प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांचा एक प्रतिनिधी हे विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडले जावेत, अशी तरतूद त्यात आहे. परंतु परिषदेचा सभासद हा पूर्णवेळ विद्यार्थी असला पाहिजे, ही जुनी अट कायम राहिली. प्रत्यक्ष निवडणुकीचा योगही सहज जुळला नाही. २०१९ साली निवडणुका होणार असे ठरले असता त्या पुढे ढकलण्यात आल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टात पंचगंगा व कृष्णा यांच्या महापुराने कोल्हापूर-सांगलीची दाणादाण उडविली होती, आणि ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. पाठोपाठ २०२० साली महामारीने महाविद्यालयेच बंद पाडली.

पूर्णवेळाच्या अटीचा अर्थ कोल्हापूरच्या परिसरात स्पष्ट दिसतो. कोल्हापूर आणि यंत्रमागांचे शहर इचलकरंजी येथे रात्र महाविद्यालये आहेत. दिवसा कारखान्यात, दुकानात अगर कचेरीत काम करून सायंकाळी वर्गात बसणारा विद्यार्थी तेथे असतो. विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा मार्ग आहे. शिवाय १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले, राजाराम महाविद्यालयाच्याच त्या प्रौढ विद्यार्थ्याचे नाव धारण करणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथे शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठीही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत जाण्याची सोय करण्यात आली होती. कोठारी आयोगाने ज्या विद्यार्थ्याची कल्पना केली होती तो अशा रीतीने प्रत्यक्षात आला. तो शुल्क भरतो, परीक्षा देतो, निकाल लांबल्यास हवालदिल होतो, ग्रंथालय सायंकाळी लवकर बंद झाल्यास त्याचीच अडचण अधिक होते. परंतु ज्या परिषदेत हे प्रश्न मांडले जावयाचे, तेथे त्याच्या जातीच्या विद्यार्थ्यास, म्हणजे कामकरी व वयस्क विद्यार्थ्यास, आसन नाही.

(८)

वयोमर्यादेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. एकामागून एक अभ्यासक्रमांना नावे नोंदवून वर्षानुवर्षे विद्यार्थी-राजकारण करणारे, वर्गाकडे न फिरकणारे पुढारी अनेक विद्यापीठांनी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचा टिकाव लागत नाही. वयाने व अनुभवाने वडील असलेला सहाध्यायी उभा राहिला तर त्याच्याविषयीच्या आदरापोटी वा भीतीपोटी तरुण विद्यार्थी मागे सरतील, ही शंकाही निराधार नाही.

तथापि या दोषांवरील उपाय त्याच नियमावलीत अन्यत्र आहेत. पदाधिकारी होण्यासाठी एकच संधी दिल्यावर पदाला चिकटून राहण्याचा प्रश्न उरत नाही. ७५ टक्के उपस्थितीची अट घातल्यावर वर्गाकडे न फिरकणारा आपोआप गळतो. खर्चास मर्यादा घातल्यावर मिळवत्या माणसाच्या पैशाचे वजन कमी होते. म्हणजे रेंगाळणाऱ्याला रोखण्यासाठी जे आवश्यक ते या तीन अटींनीच साधते. जन्मतारखेची चौथी अट रेंगाळणाऱ्यापेक्षा उशिरा आलेल्यासच अधिक अडविते. रेंगाळणे मोजावयाचे असेल तर माप नावनोंदणीच्या वर्षापासून लावले पाहिजे, जन्माच्या वर्षापासून नव्हे. संसारातून मोकळीक मिळाल्यावर चाळिसाव्या वर्षी प्रथम वर्षास बसलेली गृहिणी ही विद्यापीठाच्या दृष्टीने एक वर्षाचीच विद्यार्थिनी असते.

पूर्णवेळाच्या अटीविषयीही असेच म्हणता येईल. परिषदेच्या कामास वेळ देता यावा हा तिचा हेतू असल्यास, रात्र महाविद्यालयाच्या परिषदेचे काम रात्रीच चालणार, हे उघड आहे. अर्धवेळ व दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी परिषदेत एखादे स्वतंत्र आसन राखून ठेवणे हा मार्गही अनुसरता येण्यासारखा आहे. महिलांसाठी आणि मागासवर्गीयांसाठी अशी आसने कायद्याने राखलीच आहेत. ज्यांचा आवाज सामान्य मतदानात सहज उमटत नाही त्यांना आसन द्यावे, हे तत्त्व नवे नाही. त्याची व्याप्ती तेवढी वाढवावयाची आहे.

(९)

कोल्हापूरच्या शैक्षणिक इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट अशी, की येथे विद्यार्थ्याची व्याख्या समाजाने वयावरून केली नव्हती, गरजेवरून केली होती. वसतिगृहाच्या पंक्तीत बसणाऱ्याला कोणी जन्मसाल विचारले नाही, आणि 'कमवा व शिका' योजनेत हाती कुदळ घेणाऱ्याला तो पूर्णवेळ विद्यार्थी आहे काय, असेही विचारले नाही. १९९४ चा कायदा, २००६ च्या शिफारशी आणि २०१६ चा कायदा यांनी मिळून प्रतिनिधीची जी प्रतिमा उभी केली, ती गुणवान, अल्पवयी आणि निर्धास्तपणे पूर्णवेळ शिकू शकणाऱ्या विद्यार्थ्याची आहे. ही प्रतिमा वाईट नाही; परंतु ती संपूर्ण नाही.

निवडणुकीत एखादा प्रौढ विद्यार्थी उभा राहिला, तर तो विजयी होईलच असे नाही. बहुधा तो हरेलही. वर्गातील तरुण मुले आपल्या वयाच्या उमेदवारासच मत देतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण मतपत्रिकेवर नाव असणे आणि मतदारांनी ते नाकारणे ही एक गोष्ट. ते नाव मतपत्रिकेवर येऊच न देणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीत सहाध्यायांचा निर्णय आहे, दुसरीत केवळ जन्मतारखेचा. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या अधिसभेतच त्या वर्षी कायद्याची पदवी घेणारा तेहतीस वर्षांचा सभासद बसला होता, त्या विद्यापीठाच्या परिसरात हा भेद समजून घेणे कठीण जाऊ नये.